नॅट कोणी उडवायचं

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटला एक ड्राय बाल्कनी आहे. वॉशिंग मशीन आणि गॅसचं जादा सिलिंडर यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथे बसून मी एक जेट विमान बांधलं. खरं नव्हे, रेडिओवर उडणारं. पंख लावले की दोन हातांच्या कवेत जेमतेम मावायचं. नॅट नावाचं एक जुनं, अंगाने लहान लढाऊ विमान होतं, त्याची ती हुबेहूब प्रतिकृती.

हे मी फारसं कुणाला सांगत नसे. ऑफिसमध्ये सोमवारी कुणी विचारलं, वीकेंडला काय केलंस, तर 'झोपले' म्हणायचे. झोपले म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. आईपासून मात्र लपवणं शक्य नव्हतं, कारण बाल्कनीत कपडे वाळायचे आणि बाल्साच्या लाकडाचा बारीक भुसा तिच्या सुती साड्यांवर बसायचा. प्लायच्या गोल चकत्यांचा नुसता सांगाडा उभा राहिला होता तेव्हा ती चहाचा कप घेऊन दारात आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “रुखवतात मांडायचं का हे?”

मी हसले. रुखवतातल्या वस्तू निदान कुणीतरी 'हे मुलीने केलंय' असं म्हणून दाखवतं, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

सांगाड्यावर बाल्साच्या पट्ट्या, त्यावर काचेचं तलम कापड आणि रेझिन, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा रेझिन. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण मी प्लॅस्टिकचा पत्रा तापवून प्लास्टरच्या साच्यावर ओढलं. पहिली काही झाकणं बुडबुडे येऊन वाया गेली. विमानाच्या पोटात विजेवर चालणारा पंखा असतो, एका नळीत बसवलेला. तो मी गच्चीवर नेऊन चालवून पाहिला, तेव्हा सोसायटीचे चेअरमन वर आले आणि त्यांनी विचारलं, मिक्सर बिघडलाय का तुमचा. मी हो म्हणाले. ते म्हणाले, मग दुरुस्तीला द्या, गच्ची सगळ्यांची आहे.

या सगळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. नॅट पहिल्यांदा हवेत जाईल तेव्हा रेडिओ, म्हणजे ते उडवायचा रिमोट, माझ्या हातात हवा होता.

ऐकायला ही मागणी छोटी आहे. पण आमच्या मैदानावर तशी पद्धत नव्हती. मैदान म्हणजे महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावातल्या कुटुंबाचं रान. ज्वारीच्या कडेला त्यांनी आम्हाला गवताची एक लांब पट्टी वापरायला दिली होती. विमानतळ आणि लष्करी हद्दी यांच्यामुळे शहरात दुसरीकडे कुठे उडवायची सोय नाही, त्यामुळे हे मैदान आणि इथली पद्धत, दोन्ही पत्करावी लागतात. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला सगळे 'मेडन' म्हणतात आणि मेडन काका करतात. कुणाचंही विमान असो. काका शनिवार पेठेतले, एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून विमानं उडवणारे. नवं विमान पहिल्यांदा उचललं की काय करेल ते सांगता येत नाही, तेव्हा ते मुरलेल्या हातात असावं, असा त्यामागचा विचार. विचारात चूक काही नाही. त्याला जोडून आणखी एक नियम होता: मेडन करणाऱ्याला दोष द्यायचा नाही. विमान पडलं, तर विमानातच काहीतरी होतं म्हणून पडलं.

काका माझ्याशी चांगले वागत. मैदानावर मी एकटीच मुलगी, पहिल्या दिवशी सगळे अंतर ठेवून उभे होते तेव्हा काकांनीच माझं विमान उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “चिकटवलंय छान, पण आणखी डिंक शिल्लक असेल तर पोस्टात नोकरी बघ.” नॅटसाठी त्यांनी आपल्या साठ्यातला बाल्सा दिला होता, चांगला, हलका, एकसारख्या रेषांचा. त्यामुळे तर सांगणं आणखी अवघड झालं.

शिवाय काकांचं मराठी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरात आणि तेही आईशी. काका बोलायला लागले की त्यांचं प्रत्येक वाक्य छापल्यासारखं बाहेर यायचं. मी माझं वाक्य तोंडातल्या तोंडात दुरुस्त करत राहायचे आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. 'काका, मेडन मी करते' यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, हे मला कळत होतं. तरी ते बाहेर पडत नव्हतं.

म्हणून मी दुसरा उपाय केला. रेडिओला दोन दांड्या असतात. माझ्या रेडिओवर थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करायची दांडी, डाव्या हाताला आहे; काकांना ती उजव्या हाताची सवय. जुन्या लोकांत दोन्ही पंथ आहेत आणि एका पंथाच्या माणसाने दुसऱ्याचा रेडिओ हातात घेणं म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखं. नॅट माझ्या रेडिओला जोडलेलं होतं, काकांना ते उडवता येणार नाही, मग ते आपणहून म्हणतील, अगं तूच उडव. मला काही बोलावं लागणार नव्हतं.

मी काही अगदी नवखी नव्हते. साधं शिकाऊ विमान उडवून झालं होतं, आणि फोमचं एक लहान जेट मी एक अख्खा हिवाळा उडवलं होतं. काका त्याला व्हॅक्यूम क्लीनर म्हणत. जेट त्यांना मनापासून आवडत नसत. त्यांची सगळी उमेद पुढे पंखा असलेल्या विमानांत गेली होती.

त्या रविवारी आई पहिल्यांदाच मैदानावर आली. कॅबमध्ये ती मागच्या सीटवर नॅटचे पंख मांडीवर घेऊन बसली होती, साडीच्या पदराने झाकून, जसं कुणाचं बाळ आणावं तसं. उतरल्यावर शेताचे मालक, एक वयस्कर गृहस्थ, म्हणाले, “हेच का मोठं इमान? पडलं तर ज्वारीत पडंल. सगळ्यांनी मिळून तुडवू नका म्हंजे झालं.”

मैदानावर मेडनच्या आधी नारळ फोडतात. आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. ते मी तिथे कधी सांगितलं नव्हतं, सांगायची वेळ येईल असं वागलेही नव्हते. कुणीतरी नॅटच्या नाकाला हळदीकुंकू लावलं. मी दिलेल्या करड्या रंगावर ते ओलं बोट उमटलं. खोबऱ्याचा तुकडा आईने दोन्ही हातांत घेतला, छान म्हणाली आणि मुठीत ठेवला.

मग मी काकांकडे गेले.

“काका, माझ्या रेडिओवर थ्रॉटल डावीकडे आहे.”

हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. पुढचं वाक्य त्यांचं होतं.

“माहीत आहे,” काका म्हणाले. “म्हणून तर माझा आणलाय.”

त्यांनी पिशवीतून आपला रेडिओ काढला आणि माझ्या विमानात बसेल असा, त्या रेडिओचे इशारे घेणारा रिसीव्हरही. रात्री फोन करून एकाला विचारून घेतलं होतं म्हणे, कुठला लागतो. इतकी काळजी घेतली होती त्यांनी. मी पोटाचं झाकण उघडलं, माझा रिसीव्हर काढला आणि त्यांचा बसवला. हे काम मला येत होतं म्हणून मीच केलं. नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी त्यांच्या रेडिओच्या दांडीबरोबर नीट हलते का ते तपासलं. हलत होती.

एक गोष्ट मात्र मी बोलले. पुढे पंखा असलेल्या विमानात थ्रॉटल दिला की वारा लगेच शेपटीवर जातो, विमान लगेच ऐकतं. जेटचा पंखा पोटात. त्याचा वारा मागून निघून जातो, आणि पंखा वेग घ्यायलाही क्षणभर लावतो. उतरताना विमान हळू झालं आणि मग थ्रॉटल दिला तर उशीर झालेला असतो. हे मी फोमच्या जेटवर शिकले होते. मी काकांना सांगितलं की पंखा उशिरा उचलतो, उतरताना तो थोडा चालूच ठेवावा लागेल.

“बरं झालं सांगितलंस,” काका म्हणाले. “मी इतकी वर्षं देवाचं नाव घेऊनच उतरवत होतो.”

सगळे हसले. आईही हसली, तिला काय कळणार.

नॅटला चाकं नव्हती. हाताने फेकायचं आणि पोटावर उतरवायचं. फेकायला मला सांगितलं. मी ते डोक्यावर धरून वाऱ्याच्या दिशेने पळाले. पंख्याचा आवाज मनगटातून खांद्यापर्यंत येत होता. सोडलं तेव्हा ते थोडं खाली गेलं आणि मग हवेने त्याला उचललं.

ते छान उडलं. हे मला लिहायला हवं, कारण नंतर मैदानावर याचा उल्लेख फारसा झाला नाही. काकांनी थोडं नाक खाली करून घेतलं, एवढीच दुरुस्ती. मग नॅट डोंगराच्या बाजूने वळून आलं, आडवं, सरळ, आणि करडा रंग आकाशात बुडून फक्त आकार उरला. आई कपाळावर हात धरून विचारत होती, कुठंय, कुठंय. मी काकांच्या मागे उभी होते आणि विमानाऐवजी त्यांचे अंगठे बघत होते. माझे अंगठे जॅकेटच्या खिशात हलत होते.

उतरताना ते सुंदर रांगेत आलं. काकांनी थ्रॉटल पूर्ण बंद केला, जसा ते नेहमी करत. नॅट हळू झालं. गवताच्या पट्टीपर्यंत पोचणार नाही असं दिसलं तेव्हा त्यांनी नाक वर धरलं आणि उजवा अंगठा पुढे रेटला. पंख्याचा आवाज चढायला लागला, चढत होता, तेवढ्यात डावा पंख खाली गेला. ज्वारीच्या अलीकडे बांध होता. त्यावर.

बाकीचे पळाले. मी चालत गेले. नाक पार आत गेलं होतं, शेपटी वेगळी पडली होती. काका खाली बसले, त्यांनी शेपटी उचलली, पट्टी हलवून पाहिली. पट्टीला विमानाच्या आतून जोडणारी बारीक दांडी, म्हणजे लिंकेज, सुटून लोंबत होती.

“हे बघ,” ते म्हणाले. “दांडी सुटली. मी खेचतोय, खेचतोय, आणि ते ऐकेचना.”

दांडी ज्या लहानशा तुकड्याला अडकते तो तुटला होता आणि तुटलेली कड पांढरी, ताजी होती. दांडी हवेत सुटली असती तर नाक शेवटपर्यंत वर राहिलं नसतं. सगळ्यांनी ते वर राहिलेलं पाहिलं होतं. तरी दोष काकांना द्यायचा नव्हता. नियमच तसा होता. एक सॉफ्टवेअरमधला दादा मला म्हणाला, लिंकेज डबल चेक करायचं गं, होतं असं.  काकांना कुणीतरी खुर्ची दिली, पाणी दिलं.

“चालेल काका,” मी म्हणाले. “मेडनला व्हायचंच.”

त्या दिवशी माझ्या तोंडून सरळ बाहेर पडलेलं ते एकच वाक्य.

परतताना तुकडे खोक्यात, खोकं आईच्या मांडीवर. चांदणी चौक ओलांडला. मग तिने विचारलं, “ती दांडी खरंच सुटली होती?”

“नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

मी खोक्याचं झाकण नीट लावलं. तिने पुन्हा विचारलं नाही. ऑफिसात, नात्यात, ती स्वतः कुठे कुठे बोललेली नाही हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही.

त्यानंतर मैदानावर मी 'छान बांधते, पण लिंकेज कच्चं' अशी झाले. नवीन कुणी आलं की ओळख करून देताना काका हेच सांगतात, आणि त्यात कौतुकच जास्त असतं. पुढच्याच महिन्यात ते एक पुडी घेऊन आले. आत पितळी जोड होते, त्यांनी स्वतः लेथवर काढलेले, इतके नेटके की बाजारात मिळणार नाहीत. म्हणाले, दुसऱ्या नॅटला हे लाव, हे सात जन्म सुटायचे नाहीत. मी थँक्यू म्हणाले. खरंच ते फार सुबक होते.

दुसरं नॅट बांधायला घेतलं आहे. का, ते सांगता येणार नाही. हात रिकामे राहिले की जास्त त्रास होतो, एवढंच. लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये मी तेच उतरणं करून बघते, थ्रॉटल थोडा चालू ठेवून, आणि विमान दर वेळी गवतावर अलगद बसतं. त्यावरून काही ठरत नाही. फोमचं जेट हलकं होतं, नॅट जड होतं, आणि माझ्या हातून ते पडलं नसतं असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. ते कळायची एकच वेळ होती. दुसरं विमान नेलं तरी ती परत येणार नाही, कारण आता तर मी कच्च्या लिंकेजची मुलगी आहे. मुरलेला हात पहिल्यापेक्षाही जास्त गरजेचा.

परवा काकांचा फोन आला. तब्येत, पाऊस, रेझिन सुकतंय का या दमट हवेत, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, दिवाळीनंतर वारा बरा असतो, तेव्हा मेडन धरू या, त्यांनी तारीख मोकळी ठेवली आहे. थोडं थांबले. मला वाटलं, ही जागा आहे, इथे बोलता येईल. बाल्कनीत वॉशिंग मशीन पाणी सोडत होतं.

“चालेल ना?” काकांनी विचारलं.

“हो काका,” मी म्हणाले.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला ऐकू गेलं असणार. तिने मान वर केली नाही.