पोळ्याला बोलणारं यंत्र

लग्न होऊन मी बोरगाव मेघेला आले तेव्हा घराला खोल्या दोनच होत्या आणि त्यातली एक सिनेमाच्या यंत्रांनी आधीच बळकावलेली होती. आमचे हे टपाल कचेरीत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी मुक्या यंत्रांना बोलायला शिकवायचं, असा त्यांचा संसार. त्या संसारात मीही होते, पण माझा नंबर बराच मागे होता.

यंत्रं सगळी मुक्या सिनेमाच्या काळातली. कधी एखाद्या तंबूवाल्याकडून, कधी लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून हे ती उचलून आणत. एकाच्या दुरुस्तीला दुसऱ्याचा पट्टा लागे, दुसऱ्याला तिसऱ्याचं भिंग. "एक मिनिट, एक मिनिट," म्हणत हे भरल्या ताटावरून उठत आणि भाजीचं पार पाणी होई.

"अहो, हे बोलन तरी कवा?" मी विचारायची.

"बोलन, बोलन. तू बोलाले शिकली तवा तुया बाबानं घाई केलती काय?"

एकदा यांनी त्यातली गोम मला समजावून सांगितली. मुक्या यंत्राच्या चाकाला दोन्ही कडांना दात असतात. बोलक्या फितीला मात्र भोकं एकाच कडेला, दुसऱ्या कडेवर आवाजाची रेघ. म्हणून एका बाजूचे दात कानशीनं घासून टाकायचे, मग छोट्या बल्बचा उजेड त्या रेघेतून जातो आणि आवाज निघतो. यांनी आठवडाभर घासले आणि घासले ते नेमके नको त्या बाजूचे. उरलेले दात थेट आवाजाच्या रेघेलाच चावले. यंत्रातून टकटक टकटक एवढंच ऐकू आलं.

"बोललं जी बोललं," मी म्हटलं. "शेंगा फोडून राह्यलं."

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्या चाकासाठी आणखी एक यंत्र घरात आलं.

माझे बाबा वडनेरला कपाशी करायचे. भेटायला आले आणि उंबऱ्यातच एका लोखंडी चक्रीला ठेचाळले. अंगठा चोळत म्हणाले, "जवाईबापू, या भंगारात माही पोरगी बसते कुठं?"

यांना ते झोंबलं. "पोळ्याले तुमच्याच गावात बोलता सिनेमा दाखवतो मामाजी. यंत्र नाई बोललं, तर सगळं भंगारवाल्याले देऊन टाकतो."

बाबांनी मान डोलावली. मी वरवर "असं कसं, असं कसं" म्हटलं खरं, पण मनातल्या मनात त्या खोलीत दिवाण मांडून त्यावर लोळूनही घेतलं.

त्यानंतर पोळ्यापर्यंत रोज एकच फीत चालली. शेतकी खात्याकडून मागून आणलेली, कपाशीच्या बोंडअळीची. मी पोळ्या लाटत असायची आणि भिंतीपलीकडून मिशीवाला साहेब सांगत असायचा, "शेतकरी बंधूंनो, किडकी बोंडे वेळीच वेचावीत." यंत्र आता खरोखर बोलत होतं. दिवाणाची आशा मी सोडून दिली.

पोळ्याच्या दिवशी पावसानं उघडीप दिली. बैलांचं पूजन आटोपलं, दिवेलागण झाली आणि सगळं वडनेर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात जमलं. जिनाच्या तेलइंजिनावर वीज काढली होती. मध्ये पडदा म्हणून माझी चादर टांगलेली. चादरीच्या पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. मागून पाहिलं की सगळी माणसं डावखुरी दिसतात, पण आम्हाला त्याची सवय होती.

मिशीवाला साहेब आला, "शेतकरी बंधूंनो" म्हणाला आणि इंजिन एकदम उसळलं. चित्र टिकलं, आवाज गेला. तो छोटा बल्ब उडाला होता. यांनी जास्तीचे पट्टे आणले होते, चाकं आणली होती, जास्तीची चादरसुद्धा आणली होती. बल्ब तेवढा राहिला होता. पलीकडून यांचा आवाज आला, "एक मिनिट, एक मिनिट." कोणीतरी फिस्सकन हसलं.

मला फक्त गप्प बसायचं होतं, की दिवाण आला.

"एक मिनिट," हे पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज पार खाली गेला होता.

आणि मी उभी राहून खड्या आवाजात सुरू केलं, "शेतकरी बंधूंनो! किडकी बोंडं वेळीच वेचा!" साहेबाच्या मिशीतून माझा आवाज निघाला तशी माणसं पोट धरून हसली. मलाही मग चेव आला. "नुसते पाहून काय राह्यले? वेचा न!" फीत संपेपर्यंत मी बोलत होते आणि गाव ऐकत होतं.

सकाळी हे खाली मान घालून बाबांना म्हणाले, "मामाजी, हारलो मी. बोलवा भंगारवाल्याले."

"काऊन?" बाबा म्हणाले. "बोललं न यंत्र. कोनाच्या तोंडून बोलाव, हे कुठं ठरलं होतं?"

हे सामान बांधायला गेले तेव्हा बाबांनी मला हळूच विचारलं, "तुलेच तर ते सामान घरात नोको होतं. मंग तू काऊन बोलली वो?"

थट्टा करून वेळ मारून न्यावी असं वाटलं, पण जमलं नाही. "मले तिथं दिवाण मांडाचा होता बाबा, पन ते 'एक मिनिट, एक मिनिट' म्हनत होते न," मी म्हटलं. "मले ते आयकवलं नाई."

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी आपली बियाण्याची मोठी लाकडी पेटी रिकामी केली आणि ओढत बाहेर आणली.

"यात भरून ठेवत जा तो पसारा," म्हणाले. "दिवाणापुरती जागा निंगन."