घंटेच्या आधी घोडी

"ओ भो, घोडी बाहेर काढ! हाई शाळा शे, लगीननं घर नही!"

हायस्कूलचा शिपाई फाटकात आडवा उभा राहून ओरडत होता. त्याच्यासमोर पांढरी घोडी, गळ्यात लाल गोंडे, कपाळावर आरसे. पाठीवर नव्या गणवेशात ताठ बसलेला अन्वर. लगाम धरून त्याचे वडील, हमीदचाचा. आणि मी? मी आत, आठवीच्या व्हरांड्यात. सगळ्यात पुढे — चांगली जागा धरून.

हे मी कधी सांगितलेलं नाही. एकदाच, एका माणसाला सांगितलं, ते शेवटी येईल. तुम्ही म्हणाल, हा बोलघेवडा, आणि याच्या पोटात गोष्ट राहते? तापीतल्या मगरीने माझी सायकल गिळली आणि आठवडाभर पाण्यातून घंटी ऐकू येत होती, हे मी अनोळखी माणसांनाही थांबवून थांबवून सांगितलंय. पण ही गोष्ट नाही सांगितली. ही खरी आहे ना — म्हणून.

आमचं गाव सारंगखेड्याच्या जवळ. हमीदचाचा लगाम, खोगीर, गोंडे बनवायचे आणि सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत विकायचे. अन्वर आणि मी पहिलीपासून शाळेत एकाच पट्टीवर बसलो. तो पहिला यायचा, मी दुसरा. कधी तरी उलटं व्हावं? नाही. सातवीच्या निकालादिवशी माझ्याच आईने, माझ्याच घरात, शिऱ्याची पहिली वाटी त्याला दिली. वर म्हणाली, "याना मांगे मांगे चाल, तुन्हं भलं व्हई." त्याच्या मागे मागे चाल! तो शिरा मला अजून घशात लागतो.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या पुढे होतो. माझा चुलतभाऊ हायस्कूलला होता. त्यामुळे सुट्टीत गावातली सातवी पास झालेली सगळी पोरं माझ्याभोवती. हायस्कूलला काय असतं रे? दर तासाला वेगळा मास्तर असतो, हे मी खरं सांगितलं. मग सुटलो. प्रयोगशाळेतला सांगाडा जुन्या गणिताच्या सरांचा आहे आणि चुकीचं उत्तर दिलं की अजून मान हलवतो. मैदान एवढं की खो-खोत पळालेला पोरगा दुसऱ्या दिवशी परततो. पोरं हसायची, घाबरायची. अन्वर हसायचा नाही. तो विचारायचा, मग आपण काय तयारी करायची?

आणि मी त्याला, एकट्याला गाठून, तयारी सांगितली.

आमच्या मराठी शाळेत पहिलीच्या नव्या पोरांना सजवलेल्या बैलगाडीतून, वाजतगाजत आणतात. प्रवेशोत्सव म्हणतात त्याला. आम्हीही तसेच आलो होतो, एकाच गाडीत. तर मी म्हणालो, हायस्कूलचा प्रवेशोत्सव मोठा असतो. बैलगाडी नाही — घोडी. सातवीत जो पहिला येतो तो घोडीवर येतो, हेडमास्तर फाटकात येऊन त्याला उतरवून घेतात. फक्त घंटेच्या आधी पोचायचं. घंटा झाली की मान गेला.

घंटेचं का जोडलं? खोट्याला एक खिळा ठोकला की ते हलत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

चाचा कधी हायस्कूलची पायरी चढले नव्हते. त्यांनी ओळखीच्या व्यापाऱ्याकडून यात्रेत नाचणारी घोडी मागून आणली. गोंडे स्वतः विणले. आणि खरं सांगू? मी व्हरांड्यातून पाहिलं तेव्हा मला हसू आलंच नाही आधी. माझं अंग जळलं. काय दिसत होता तो! खोटं माझं, आणि घोडीवर तो. माझ्या बापाने माझ्यासाठी कधी सायकलसुद्धा धरली नव्हती.

मग घंटा झाली. रुळाचा तुकडा तो — ठण, ठण, ठण. ताल ऐकला आणि घोडी नाचायला लागली. फाटकातच. शिपाई मागे, चाचा लगामाला लोंबकळलेले, अन्वर तिच्या मानेला मिठी मारून. अख्खं हायस्कूल बाहेर आलं. कुणीतरी ओरडलं, "नवरदेव उना रे!" — कुणीतरी नाही. मी. तो आवाज माझा होता.

हेडमास्तर आले. चाचांनी हात जोडले, म्हणाले, "उशीर झाला साहेब, माफ करा." कशाला उशीर, ते तिथे कुणाला कळलं नाही. मला कळलं. हेडमास्तरांनी अन्वरला विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून आलं? अन्वरने व्हरांड्याकडे पाहिलं. थेट माझ्याकडे. मग म्हणाला, "माझीच हौस होती, सर."

नवरदेव हे नाव त्याला चिकटलं. हजेरीला पोरं तोंडाने ढोल वाजवायची. मीही वाजवायचो, इतरांपेक्षा जोरात. दिवाळीनंतर तो आलाच नाही. चाचांच्या शेजारी बसून गोंडे विणायला लागला. त्या वर्षी मी पहिला आलो. आईने पहिली वाटी मला दिली. मी खाल्ली, पुन्हा मागून घेतली.

गेल्या यात्रेत त्याच्या दुकानावर गेलो. चाचा आता थकलेत. गल्ल्यापाशी उन्हात बसून होते. मला पाहून त्यांनी चहा मागवला, नेहमीसारखा. अन्वर मागच्या बाजूला खोगीर शिवत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि सांगितलं. घोडी, घंटा, ओरडलो तो मी, सगळं. एक शब्द वाढवला नाही.

त्याने दोरा दाताने तोडला. चाचांकडे एकदा पाहिलं.

"अब्बाले सांगू नको," तो म्हणाला. "त्यासले अजून वाटस, उशीर व्हयना म्हनीसन मान गया."