साहेब राउंडला गेलेत, नोमुरा-सान!

किस्से कुणी साठवत नाही, ते डब्यांच्या झाकणांसारखे आपोआप साठतात. कुठलं झाकण कुठल्या डब्याचं हे सांगता येत नाही, आणि टाकवतही नाही. (इथे जपानात, आमच्या उरायासु गावात टाकायचं म्हटलं तरी आधी ते कुठल्या वारच्या कचऱ्यात जातं ते शोधावं लागतं!) आमच्या शनिवारच्या ग्रुपकडे अशी झाकणं पुष्कळ आहेत, आणि बहुतेक सगळी एकाच बाईंची. नोमुरा-सानांची.

नोमुरा-सान साठीच्या पुढच्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा केंता एका सहकाऱ्याबरोबर अपार्टमेंट शेअर करून राहायचा. त्या अपार्टमेंटमध्येच त्याचा खून झाला. पोलिसांनी दार उघडलं तोवर सहकारी विमानात बसून भारतात पोचलेला होता. तो आपल्याकडचा. म्हणजे अगदी आपल्याकडचा, नाशिकचा. माझं माहेर नाशिक.

जपानी पोलिसांना तिकडे जाऊन त्याला पकडता येत नाही. पण भारतीय माणसाने परदेशात खून केला तर भारतातल्या कोर्टात खटला चालू शकतो. त्यासाठी कागद या मंत्रालयातून त्या मंत्रालयात जावे लागतात. नोमुरा-सान त्या कागदांच्या मागे लागल्या आणि कागद गेले. अडलं ते एकाच ठिकाणी. तो सापडत नव्हता.

अशा गोष्टीत हसायचे किस्से कसले, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. मी त्यांच्यासमोर चेहरा पाडून बसायची. एकदा त्याच म्हणाल्या, "मधुरा-सान, तुम्ही हसलात तरच पुढच्या शनिवारी याल. रडणारी माणसं दोनदा येतात, मग येत नाहीत."

*

त्यांची आमची ओळख गणपतीत झाली. इथल्या मराठी मंडळाने हॉल भाड्याने घेतला होता, आरती नुकतीच संपली होती. दारात काळ्या सूटमधल्या एक जपानी बाई. त्यांनी गणपतीला वाकून नमस्कार केला, प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि पर्समधून एक फोटो काढला. त्या माणसाचा.

"मराठीत फोन करू शकेल असं कुणी हवं आहे," त्या म्हणाल्या. "मी इंग्लिशमध्ये करते. तिकडे इंग्लिश ऐकलं की फोन ठेवतात."

मंडळाचे एक ज्येष्ठ काका पुढे आले. "हे बघा, आपला धार्मिक कार्यक्रम आहे. शिवाय आपल्या लोकांचं नाव निघतंय यात. इथे राहायचंय आपल्याला!"

माझी मैत्रीण वृषाली मोदकांचं ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काका, नाव काय काढायचं ते त्याने काढलंय. आपल्याला फक्त पत्ता काढायचाय!"

आणि मी काय केलं? मी घाईघाईने माझ्या पाच वर्षांच्या मुलीचे, इराचे कान झाकले. इरा जपानीत म्हणाली, "आई, फोटो डोळ्यांनी दिसतो."

*

मग शनिवार सुरू झाले. वृषालीच्या घरी जमायचं, चहा ठेवायचा आणि स्पीकरवर नाशिकच्या पोलीस स्टेशनला फोन लावायचा. बोलायचं वृषालीने, कारण तिचा आवाज जन्मतःच अधिकाऱ्याचा आहे. भाषांतर मी करायचं. माझं जपानी मी कोम्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या काउंटरवर उभी राहून शिकले, बाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी करता करता. त्यामुळे ते अतिशय नम्र आहे आणि अतिशय मर्यादित.

तिकडून हवालदार म्हणाले, "साहेब राउंडला गेलेत."

राउंडला जपानीत काय म्हणतात ते मला येईना. मी म्हणाले, "क्षमा असावी. साहेब सध्या स्टॉकमध्ये नाहीत."

पुढच्या शनिवारी, साहेब राउंडला. त्याच्या पुढच्या शनिवारी, साहेब राउंडला. एव्हाना 'पायी गस्त' हा जपानी शब्द मी शोधून ठेवला होता. नोमुरा-सान शांतपणे ऐकायच्या, मान डोलवायच्या. एका शनिवारी मात्र त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, "नाशिक किती मोठं आहे?"

"बऱ्यापैकी. का?"

"नाही, ते साहेब अजून चालत आहेत म्हणून."

आम्ही चहाचे कप खाली ठेवले आणि पोट धरून हसलो. त्याही हसल्या. मग रुमालाने डोळे पुसून म्हणाल्या, "लावा पुन्हा."

पावसाळा संपेपर्यंत ते हवालदार आमचा नंबर बघूनच म्हणायला लागले, "बोला जपान! आईंची तब्येत कशी आहे? साहेब राउंडला गेलेत."

*

वृषालीने चिडून एकदा त्या माणसाला नालायक म्हटलं. नोमुरा-सानांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "ज्याची कशाचीच लायकी नाही असा." त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला. त्यांना आवडला असावा.

पण सवय ती सवय, कुणाच्याही नावामागे आदराचं सान लावायची! पुढच्या शनिवारी आल्या, कोट काढला, खुर्चीत बसल्या आणि अगदी मनापासून विचारलं, "नालायक-सानांची काही बातमी?"

*

फोनने काम होत नाही म्हटल्यावर त्या नाशिकला गेल्या. सोबत वृषाली, रजा टाकून.

कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, हा जपानी शिरस्ता. बाईंनी निघताना इथल्या रेल्वे स्टेशनवरून बिस्किटांचा मोठा बॉक्स घेतला होता. सुबक कागदात गुंडाळलेला, वर रिबीन. पोलीस स्टेशनात राउंडवरून परतलेले साहेब खरोखरच होते! नोमुरा-सान त्यांच्यासमोर कमरेत वाकल्या आणि दोन्ही हातांनी बॉक्स पुढे केला.

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. "ठेवा ते खाली! वर कॅमेरा आहे! कुणी पाठवलंय तुम्हाला?"

"साहेब, बिस्किटं आहेत," वृषाली म्हणाली.

"बिस्किटं कोण एवढी व्यवस्थित गुंडाळतं?"

नोमुरा-सानांना काही कळलं नाही, पण साहेब घाबरलेत एवढं कळलं. त्यांनी टेबलावरच बॉक्स उघडला, कागद न फाडता, आणि एकेक पाकीट वाटत निघाल्या. साहेबांना, हवालदारांना, पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या आजोबांना. शेवटी लॉकअपपाशी पोचल्या आणि गजांतून आत एक पाकीट दिलं.

"अहो मॅडम, तो आरोपी आहे!"

वृषालीने भाषांतर केलं. नोमुरा-सान म्हणाल्या, "त्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. पण ते ठरवायला तो निदान इथे आहे. माझा आरोपी अजून इथे नाही."

साहेब खाली बसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी फाइल मागवली. त्या माणसाची आई नाशिकमध्येच एकटी राहते, तिच्याकडे पोलीस जाऊन आलेत, "मुलाचा फोनसुद्धा नाही" असा तिचा जबाब आहे, हे सगळं त्या दिवशी कळलं.

*

त्याच ट्रिपमधली गोष्ट. रिक्षात बसल्यापासून नोमुरा-सानांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता. आयुष्य शेजारच्या सीटवरचा ब्रेक मारण्यात गेलेलं! वृषालीला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. उतरल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला थांबवलं, वाकून म्हणाल्या, "तुम्ही चारही बाजूंना बघता. आमच्याकडचे विद्यार्थी फक्त परीक्षकाकडे बघतात."

वृषालीने ते जसंच्या तसं सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "ताई, ह्यांना आरटीओत बसवा!"

*

आता माझी फजिती.

इरा पहिलीत गेली. इथे पहिलीतली मुलं शाळेत एकटी चालत जातात. पिवळी टोपी, पाठीवर दप्तर, दप्तराला धोक्याचा बझर, आणि निघाली स्वारी. बाकीच्या आया खिडकीतून हात हलवतात. माझ्या डोक्यात मात्र तो फोटो. अपार्टमेंट शेअर करणारा, रोज गुड मॉर्निंग म्हणणारा माणूस जर असा निघतो, तर चौकातल्या अनोळखी माणसाचं काय सांगावं? मी शिकलेली बाई आहे, हा विचार तर्काला धरून नाही हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? मी इराच्या मागे मागे जायला लागले. विजेच्या खांबाआड, व्हेंडिंग मशीनआड. तीन दिवस मला वाटत होतं, कुणाला पत्ता नाही!

चौथ्या दिवशी सगळ्या पालकांच्या मोबाइलवर सावधानतेचा मेसेज आला. शाळेच्या वाटेवर एक संशयास्पद स्त्री मुलांचा पाठलाग करताना दिसली आहे, निळा कोट, वय तिशीच्या आसपास, दिसल्यास कळवावे.

मी वाचून हादरले. इराला घट्ट जवळ घेतलं. नवऱ्याला फोन केला, "बघ, मी म्हणत नव्हते?" तो ऑनसाइट मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, "निळा कोट? तुझ्यासारखा?"

मी मेसेज पुन्हा वाचला.

नोमुरा-सानांना सांगितलं तर त्या मला घेऊन थेट चौकातल्या पोलीस चौकीत. मी मान खाली घालून, माझ्या कोम्बिनीच्या जपानीत, "ती संशयित मीच" असं सांगितलं. पोलिसाने हसू दाबत नाव लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. नोमुरा-सानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"संशयित झालात, पण पळाला नाहीत. छान!"

*

त्या उन्हाळ्यात मी इराला घेऊन माहेरी निघाले तेव्हा नोमुरा-सान म्हणाल्या, "मीही येते. त्याच्या आईला भेटायचं आहे."

वकिलांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मीही सांगितलं. मला पाच प्रकारची भीती वाटत होती, आणि पाचही मी त्यांना बोलून दाखवल्या. त्या म्हणाल्या, "काही विचारायला जात नाही. विचारायला पोलीस गेलेच होते."

इराला आईकडे ठेवलं आणि आम्ही गेलो. दुसरा मजला, दाराला तोरण, सुकलेलं. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. आत एक बारीकशा काकू, सुती साडीतल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नोमुरा-सानांकडे बघितलं, आणि कोण आलंय हे मला सांगावं लागलं नाही.

"मला काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पोलिसांना सांगितलंय मी सगळं."

मी भाषांतर केलं. नोमुरा-सान वाकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. ऊन मरणाचं होतं. काकूंनी दार लोटलं. परत फिरावं की थांबावं, मला सुचेना. तेवढ्यात साखळी निघाल्याचा आवाज आला.

"पाणी तरी घ्या."

दारातच चपला अस्ताव्यस्त पडल्या होत्या. मी माझ्या सँडल भिरकावल्या आणि आत गेले. नोमुरा-सान मात्र बूट काढून तिथेच खाली बसल्या. आपले बूट उचलले, तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवले, म्हणजे निघताना पाय घालायला सोपं. जपानी घरात लहान पोरसुद्धा हे करतं. मग माझ्या सँडल तशाच लावल्या. मग काकूंच्या चपला. मग स्टँडखालून एक मोठा स्पोर्ट्स शू काढला, पुरुषाचा. दुसरा शोधला, तो मागे उलटा पडला होता. दोन्ही जवळ जवळ ठेवले, नाड्या आत खोचल्या, तोंडं बाहेरच्या दिशेला. चार जोड, एका ओळीत. उठल्या, हात पुसले, आत आल्या.

काकू पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या.

पाणी झालं, मग चहा झाला. काकूंनी विचारलं, गुडघे दुखतात का, वर चढताना त्रास झाला का. नोमुरा-सान म्हणाल्या, चढताना नाही, उतरताना होतो. काकू म्हणाल्या, माझंही तसंच. मी इकडचं तिकडे सांगत होते. केंताचं नाव निघालं नाही. त्या मुलाचंही नाही. भिंतीवर त्याचा शाळेतला फोटो होता, बक्षीस घेतानाचा. नोमुरा-सानांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "उंच होता, नाही का, तेव्हाही."

आम्ही निघालो. काकूंनी आतून नारळ आणला, नोमुरा-सानांच्या हातात दिला. नोमुरा-सानांनी बुटात पाय घातले, वळून पुन्हा वाकल्या. काकू त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या दारातल्या ओळीकडे बघत होत्या. आमचे दोन जोड निघाले होते. दोन उरले होते, शेजारी शेजारी.

आम्ही जिना उतरायला लागलो. नोमुरा-सान कठडा धरून, एकेक पायरी. खालच्या वळणावर पोचलो तेव्हा वरून हाक आली.

"अहो."

काकू दाराबाहेर आल्या होत्या, अनवाणी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नोमुरा-सानांनाच म्हणाल्या, सरळ मराठीत.

"गुरुवारी येतो तो. उपास सोडायला."