तांबड्या कोंबड्याचे वकील

अन्याय झाला तो माझ्या ताईच्या सासऱ्यांच्या तांबड्या कोंबड्यावर. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या साली, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी, मार्गासनीच्या चावडीवर त्याला मरणाची शिक्षा सुनावण्यात आली. आरोपीला बोलावलं नव्हतं. साक्षीपुरावा झाला नव्हता. गुन्हा एवढाच, की तो कोंबडा होता आणि कोंबड्यासारखा वागत होता. त्याच्या बाजूनं सबंध गावात एकच माणूस उभा राहिला, आणि तोही नेमका असा, की ज्याचं बोलणं चावडीच्या दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचत नसे. वेल्ह्याच्या अंगाला डोंगर पुष्कळ आणि माणसं थोडी. पण त्या सगळ्यांत ताईच्या सासऱ्यांइतका आवाजाचा वैरी आणि आवाज करणाऱ्यांचा सोबती दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगेन.

गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणत असे. या माणसानं आयुष्यभर एकच उद्योग केला. शेती केली ती पोटासाठी. खरा उद्योग म्हणजे जे जे वाजतं ते ते गप करणं. दार करकरलं की ते तेलाची वाटी घेऊन बिजागरीपाशी बसायचे आणि दुखऱ्या गुडघ्याला चोळावं तसं तिला चोळायचे. त्यांच्या गाडीच्या चाकाला इतकं वंगण असायचं की बैलांनाही मागे गाडी आहे याचा विसर पडावा. बैलांच्या घुंगरांत त्यांनी चिंध्या कोंबल्या होत्या. एकदा नसरापूरच्या बाजाराला जाताना पुढं चाललेल्या कासाराच्या मानेवर एकदम बैलाचा ऊन श्वास पडला, तेव्हा तो बिचारा बांगड्यांच्या पेटीसकट बांधावरून खाचरात उतरला. आबा खाली उतरून त्याला हळूच म्हणाले, "दचकू नगा. आमीच हाय." विहिरीचा रहाट त्यांनी असाच गप केला. पूर्वी तो कुरकुरला की कुणीतरी पाण्याला आलंय हे कळायचं. रहाटाला तेल पडलं त्याच आठवड्यात दोन बायका तिसरीची निंदा करत भांडी घासत होत्या, आणि तिसरी त्यांच्या पाठीशी घागर भरून शांतपणे उभी होती. त्या भांडणाचा आवाज मात्र आबांना कमी करता आला नाही. ताई मला सांगायची, "लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, या घरात कुणी गेलंय आणि मला सांगायचं राहिलंय."

मी तेव्हा भोरात राहून दारूबंदीची पत्रकं लिहीत होतो. पत्रकात प्रत्येक वाक्य कसं गर्जलं पाहिजे, असं आम्हांला शिकवलेलं. सुट्टीत मी ताईकडे गेलो की आबा ओट्यावर घोंगडी अंथरायचे आणि म्हणायचे, "वाचा पावनं, काय नवीन लिवलंय ते." मी उभा राहून वाचायला लागलो की हातानं खूण करायचे: बसा. बसून वाचलं की पुन्हा खूण: आणखी हळू. शेवटी दारूच्या राक्षसावरची माझी जळजळीत पत्रकं मी त्यांना कानगोष्टीसारखी ऐकवत असे. ऐकून झाल्यावर ते ठरलेलं एक वाक्य बोलायचे. "खरं हाय. पन लई मोठ्यानं लिवलंय तुमी."

अशा माणसाच्या घरात, दैवाचा खेळ म्हणावा तर, सबंध खोऱ्यात नसेल असा कंठाचा कोंबडा जन्माला आला. तांबडा, तुऱ्याचा, छाती काढून चालणारा. आबांचा त्याच्यावर फार जीव. भाताच्या कण्या स्वतःच्या हातानं घालत आणि खाताना त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवत. तो ओरडला की मात्र स्वतःच अपराध्यासारखे खाली बघत. आणि ओरडायचा तो उजाडायच्या कितीतरी आधी, अंधार ठार असताना. शेजारी, काटक्यांच्या कुडापलीकडं, पेन्शनीत निघालेले हवालदार राहत. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला जाऊन आलेले, मिशा राखलेले, गावात सगळ्यांत मोठा आवाज असलेले. झोप मात्र त्यांना बसऱ्याहून परतल्यापासून नव्हती. पहाटेकडे कुठं डोळा लागायचा, तर कोंबडा सुरू. त्यांनीच चावडीवर तक्रार नेली.

"बसऱ्याला तोफा वाजायच्या," हवालदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पन तोफवालं जेवाया तरी थांबायचं. ह्यो थांबत न्हाई."

पाटील आबांकडे वळले. "आबा, तुमी बैलाची घुंगरं गप केली, रहाट गप केला, सुनंला गप केली. आनि घरचं एक पाखरू गप हुईना?"

सगळी चावडी हसली. कोंबडं झाकण्यावरून आपल्याकडे जे बोललं जातं तेही कुणीतरी ऐकवलं. ते सर्वांना ठाऊक असल्यानं इथं लिहीत नाही. मग शिक्षा ठरली: वाघजाईपुढं कापायचा. आबा उठले. काय म्हणाले ते पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं, म्हणून पुढच्या रांगेनं मागच्यांना सांगितलं. ते म्हणाले होते, "हवालदारांचं खरं हाय. माझ्या कोंबड्याचंबी खरं हाय."

"मग खोटं कोन?" पाटलांनी विचारलं.

"त्येच बघाया मुदत द्या. दिवाळीच्या पाडव्यापतूर."

मुदत मिळाली आणि गावाला सल्ल्याचा पान्हा फुटला. जो तो कोंबडा गप करण्याचे उपाय घेऊन ओट्यावर. एकजण म्हणाला, मिरची चारा, घसा बसंल. दुसऱ्यानं सुतळीचा तुकडा आणला: नरड्याला जरा आवळून बांधा, जीव जात न्हाई, आवाज जातो. आबांनी सुतळी घेतली, कोंबड्याच्या नव्हे तर स्वतःच्या गळ्याला आवळून बांधली आणि तशीच भाकरी खायला बसले. तिसऱ्या घासाला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. सुतळी सोडून तिची नीट घडी करून ती आणणाऱ्याला परत देत म्हणाले, "न्हाई जमत, बाबा. तुमी बगा बांधून." मी त्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ताईकडेच होतो; रक्त उसळलेल्या स्थितीत मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं, 'मुक्या जिवाचा आक्रोश'. आबांनी मथळा ऐकला आणि म्हणाले, "मुका असता तर चावडी कशाला बसली असती, पावनं?"

त्यानंतर आबा काही दिवस रात्री खुराड्याशेजारी निजायला गेले. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला कोंबड्याचं खूळ लागलं. भातकापणी चालली होती. एका दुपारी खाचरात कापता कापता, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "कळलं."

"काय कळलं?"

"हवालदार उठत्यात. कंदील लावत्यात. घराभवती एक फेरी मारत्यात. कंदिलाचा उजेड कुडाच्या फटीतनं खुराड्यात पडतो. कोंबड्याला वाटतं, उजाडलं."

माझ्या हातातली पेंढी खाली पडली. म्हणजे फिर्यादीच आरोपी! "आबा, हे आजच्या आज चावडीवर सांगा. मी पत्रक काढतो."

"काय लिवाल?"

"'खरा गुन्हेगार कोण?'"

आबांनी विळा बांधावर ठेवला. एवढं सलग बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं. "बसऱ्यावरनं आल्यापासनं ते फेरी मारत्यात. कशाची राखन करत्यात ते त्यास्नीच ठावं. गावाला ते ठावं न्हाई, हे बरं हाय. एवढ्या मिशांचा मानूस. त्यास्नी काय सांगू, कंदील इझवा आनि अंधारात बसा?" मग विळा उचलला. "फट माझ्या कुडाची हाय. ती मला बुजवाया येती."

मी फार चिडलो. सत्य हाती असताना ते लपवायचं, हे माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं. कोंबडा मेला तर तुमच्या सभ्यपणानं मरेल, असंही बोललो. आबा कापत राहिले.

त्यांनी केलं ते असं. कुडाची फट शेणमातीनं लिंपली. बुरुडाकडून कामट्या आणून कोंबड्यासाठी एक वेगळं, बुटकं डालं, म्हणजे कोंबडी झाकायची पालथी टोपली, स्वतः विणलं. कोंबड्याला बांग द्यायला मान उंच ताणावी लागते. डालं इतकंच उंच ठेवलं की त्याला आरामात बसता यावं, वळता यावं, पण मान ताणता येऊ नये. मापासाठी ते कामटी घेऊन कोंबड्याभोवती शिंप्यासारखे फिरत होते. डाल्यावर हवालदारांच्या अंगानं गोणपाट टाकलं आणि नदीच्या अंगानं उघडं ठेवलं. "वारा याया पायजे, उजेड न्हाई." एकटा कोंबडा घाबरतो म्हणून सोबतीला त्याची आवडती कोंबडी आत. वरच्या आळीच्या कोंबड्याला ह्याला साद घालायची सवय होती, म्हणून खुराडं आणि डालं दोन्ही घराच्या आडोशाला नेली. संध्याकाळी पोटभर कण्या. आणि चांगलं उजाडलं, की स्वतः जाऊन डालं उचलायचं. मग काय ओरडायचं ते ओरड.

पाडव्याला चावडी भरली. पाटलांनी हवालदारांना विचारलं, "मग? झोप लागली का?"

माझा जीव कोंबड्याइतकाच टांगलेला. आबा खाली बघत होते.

हवालदारांनी मिशीवर हात फिरवला. "झोप न्हाई लागली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे तो पुढच्या रांगेपर्यंतच पोचला. "पन कोंबडंबी वरडलं न्हाई. म्हंजी दोष त्याचा नव्हं." मग पाटलांकडं वळून म्हणाले, "सोडा त्याला."

मागच्या रांगेनं विचारलं, काय म्हणाले, काय म्हणाले. पुढच्या रांगेतल्या कुणीच सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात मी ताईकडे गेलो तेव्हा पहाटे ओट्यावर दोन आकृत्या दिसल्या. हवालदार नाहीतरी जागेच असत, म्हणून आता ते आबांच्या ओट्यावर येऊन बसू लागले होते. कंदील पायाशी, वात बारीक. दोघं बोलत नसत. नसरापूरच्या अंगाला आभाळ फिकुटलं, की आबा उठून डालं उचलायचे. तांबडा बाहेर यायचा, पंख झाडायचा आणि मान ताणून खोरं दणाणून सोडायचा. मग हवालदार पहारा बदलून दिल्यासारखे उठायचे. "हां. आता झालं," म्हणायचे, आणि घरी जाऊन थेट न्याहारीपर्यंत झोपायचे.

हवालदार गेल्या साली गेले. कोंबडाही आता म्हातारा झालाय. त्याला डाल्याची गरज उरलेली नाही, उजाडल्यावरसुद्धा तो मनात आलं तरच ओरडतो. आबा अजून रोज डालं घालतात आणि रोज उचलतात. ओट्याच्या एका टोकाला बसतात, दुसरं टोक रिकामं ठेवून. परवा मी भीत भीत विचारलं, "आबा, आता लिहू का कंदिलाचं?" त्यांनी डाल्याची सुटलेली कामटी आत खोचली. "लिवा," म्हणाले. "पन हळू लिवा."

तेव्हा वाचणाऱ्या, तुला हळूच सांगतो. तुझ्या परसात कोंबडा असेल आणि शेजारी कुरकुरत असेल, तर सुरीला हात घालू नकोस. आधी खुराड्याशेजारी एक रात्र काढ आणि उजेड कुठून येतो ते बघ. फट तुझ्या बाजूची असेल तर ती लिंप. पलीकडचा कंदील विझवायला सांगू नकोस. बुटकं डालं विण. आणि उजाडायच्या आधी शेजारी जागा दिसला, तर ओट्यावर सरकून त्याला बसायला जागा कर.