पहिली मूठ

शांतवन गुरुजी भांडणात कधी आवाज चढवत नसत. दोघे जण हमरीतुमरीवर आले की ते खुर्ची पुढे ओढत, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत आणि त्यातल्या जास्त तापलेल्या माणसाला विचारत, "त्याच्या हातची माती चालेल का तुला?"

नवखा माणूस गडबडून जाई. आम्हा पनवेलच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या लोकांना मात्र हा प्रश्न पाठ होता. आम्हा ख्रिस्ती लोकांत शवपेटी खड्ड्यात उतरवली की जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. गुरुजींचं म्हणणं असं, की उद्या तू मेलास आणि हा माणूस तुझ्या पेटीवर माती टाकायला आला, तर तुला चालेल ना? मग जिवंतपणी त्याच्याशेजारी बाकावर बसायला तुझं काय जातं? आणि चालणार नसेल, तर खुशाल वेगळा हो. मंडळी फोडायला एवढं मोठं कारण लागतं, याहून लहान नाही.

करोनाच्या साथीनंतर प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच पेला फिरवायचा की प्रत्येकाला छोटा ग्लास द्यायचा, यावर आमच्या कमिटीत रण माजलं होतं. मी चिटणीस, आणि एका पेल्याच्या बाजूचा. माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, प्रभूने एकच पेला दिला, ग्लासवाल्यांनी दुसरी मंडळी बघावी.

गुरुजींनी चष्मा पुसला. "शमू, ग्लासवाल्याच्या हातची माती चालेल का तुला?"

"माती चालेल," मी चरफडत म्हणालो.

"मग ग्लासही चालेल. चहा सांगा रे कोणीतरी."

यावरून कोणी त्यांना मवाळ समजेल. अजिबात नाही! एका ईस्टरला बाहेरचे एक विद्वान पाळक उपदेशाला आले होते. ते म्हणाले, प्रभूचं पुनरुत्थान शिष्यांच्या अंतःकरणात झालं, ते शब्दशः घेऊ नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेले गुरुजी वर्गात उभे राहावेत तसे भर उपासनेत उभे राहिले. "साहेब, कबर रिकामी होती की नव्हती?"

"प्रश्न इतका सरळ नाही, गुरुजी."

"माझा सरळच आहे. उद्या माझ्या कबरीपाशी उभं राहून तुम्ही काय बोलणार? आठवणी राहतील? ते माझी बायकोसुद्धा बोलेल, त्याला पाळक कशाला हवा? यावर मी फुटतो. तुमच्या हातची माती मला नको." त्यांनी रूथकाकूंचा हात धरला आणि दोघं नवराबायको उपासना संपेपर्यंत बाहेर पायरीवर उन्हात बसून राहिली. ते पाळक पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

मग माझी पाळी आली. मी कामोठ्याला राहायला गेलो आणि खारघरच्या एका हॉलमधल्या सभांना जाऊ लागलो. तिथले ब्रदर शास्त्र उघडून शिकवत, की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडणं हा बाप्तिस्मा नव्हे. कळत्या वयात विश्वास धरून पाण्यात बुडून घ्यावा तोच खरा. मला ते पटलं. आजही पटतं, खोटं कशाला बोलू? मी नव्याने बाप्तिस्मा घेतला आणि पनवेलच्या मंडळीच्या सभेत उठून म्हणालो, ज्यांनी असा घेतलेला नाही त्यांना प्रभुभोजन देऊ नये.

गुरुजी म्हणाले, "तुला पटलं, तू घेतलास, आनंद आहे. माझा सहा महिन्यांचा असताना झाला. मी आता मेजावरून उठायचं?"

"शास्त्राप्रमाणे, हो."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "शमू, माझ्या हातची माती चालेल का तुला?"

माझ्या वडिलांना मूठमाती देताना माझी मूठ उघडेचना, तेव्हा याच माणसाने माझी बोटं एकेक करून सोडवली होती. मी नववीत होतो. ते सगळं मला त्या क्षणी आठवलं. आठवलं आणि तरी मी म्हणालो, "नाही."

निम्मी मंडळी माझ्याबरोबर उठून खारघरला आली. मला वाटलं, मी सत्यासाठी उभा राहिलो.

महिनाभराने गुरुजी कामोठ्याला माझ्या घरी आले. लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून आलेले, बराच वेळ त्यांना बोलताच येईना. मग म्हणाले, "प्रभाकर माझा पाठचा भाऊ. तो रविवार सोडून उपासनेला शनिवार पाळायला लागला. मी त्याला पत्र लिहिलं, तू आता आमचा नाहीस. पुढे तो वारला. जालन्याहून निरोप आला, तर मी कळवलं, शाळेत परीक्षा चालू आहेत, निघता येत नाही." मग स्वतःच म्हणाले, "कसल्या परीक्षा, शमू? मे महिना होता."

मी त्यांना पाणी दिलं. चुकलो म्हणालो नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि माझा तर सुंभही अजून जळला नव्हता. जिना उतरताना ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि मी दारातून बघत होतो.

त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत मी गेलो नाही. एका सकाळी रूथकाकूंचा फोन आला. "गुरुजी गेले. अकराला नेणार. तुम्ही या."

ब्रदर म्हणाले, त्यांच्या विधीला उभं राहणं म्हणजे त्यांची शिकवण मान्य करणं. पण मी ते ब्रदरांवर ढकलणार नाही. खरं कारण लाज होती. भर सभेत नाही म्हटलेलं तोंड घेऊन कुठे जायचं? बायकोला सांगितलं, बँकेत तातडीचं काम निघालंय. डबा घेतला, स्कूटर काढली आणि वडाळे तलावाच्या काठी जाऊन बसलो. कसली बँक? दुसरा शनिवार होता. काकूंचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत.

काही दिवसांनी बाजारात बाळाराम भेटला. तो कोन गावचा, आमच्या कबरस्तानात खड्डे खणतो, झाडलोट करतो. म्हणाला, "त्या दिवशी तास-दीड तास उनात उभे व्हतो आमी. गुरुजींची बाई कोनाला माती टाकू देत नव्हती. कोन येनार हाय, इचारला तर सांगत पन नाय."

मी तिथेच भाजीची पिशवी घेऊन उभा राहिलो. तरीही काकूंकडे जायला मला दोन महिने लागले. जनाची नाही, मनाची तरी!

काकूंनी चहा केला. मग देवळीतून स्टीलची एक डबी आणली. "ही तुमची मूठ. ते सांगून गेले होते, शमूला माझ्या हातची चालत नाही, पण मला त्याची चालते. पहिली मूठ त्याची. उशीर करील तो, थांबा. पाळकसाहेब घाई करायला लागले, शेवटी मी काढून ठेवली."

मी काकूंना स्कूटरवर बसवून कबरस्तानात नेलं. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन, पावसाआधी उरकू म्हणत, कबर बांधून गेला होता. वर काळी फरशी, चारी बाजूंनी सिमेंट. चिमूटभर माती आत जाईल एवढी फटही कुठे नव्हती.

"गवंड्याला मी आठ दिवस थांबवलं होतं हो," काकू म्हणाल्या.

मी डबी फरशीवर उपडी केली. ढेकूळ झालेली ती माती बोटांनी चुरून पसरली आणि मोठ्याने म्हणालो, "चालेल, गुरुजी. तुमच्या हातची चालेल." मला रडू आवरेना. काकू माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

आम्ही निघालो. बाळारामला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फाटकाशी पोचून मी मागे वळून पाहिलं, तेव्हा तो झाडू घेऊन ती फरशी स्वच्छ करत होता.