सतरा नंबरच्या विहिरीचा वास

अंगात येणं, स्वप्नात कुणी येऊन सांगणं, अमुक जागेत काहीतरी आहे... यातलं मला कधीच काही पटलं नाही आणि सत्तरी ओलांडली तरी पटत नाही. भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस मी. दगड हातात घ्यायचा, भिंगाखाली धरायचा, मग बोलायचं. त्यामुळे हे लिहावं की नाही यातच बरीच वर्षं गेली. शेवटी बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका, मला तरी पाठ झालंय." म्हणून लिहितोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरच्या महाल भागात राहायचो आणि नुकताच एम.एस्सी. होऊन पाठकसरांकडे लागलो होतो. सर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. धरमपेठेत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन त्यांनी सल्लागार म्हणून काम सुरू केलं होतं. बहुतेक कामं मँगनीजच्या आणि कोळशाच्या खाणींची. त्या वर्षी मात्र एका जुन्या ओळखीतून गुजरातमधल्या एका तेलक्षेत्राचं काम आलं. नाव मुद्दाम देत नाही.

जुनं क्षेत्र होतं ते. पंधराएक वर्षं तेल काढून झालेलं, आणि आता विहिरींतून तेल कमी अन् पाणी जास्त यायला लागलेलं. नवीन विहिरी खणायच्या तर नेमक्या कुठे, एवढाच प्रश्न. लोकांना वाटतं जमिनीखाली तेलाचं तळं असतं. तसं नसतं. वाळूच्या दगडात, कणाकणांच्या मधल्या फटींत ते मुरलेलं असतं. विहीर खणली की तिच्यात यंत्र सोडून खडकाची मोजणी करतात आणि तिचा एक लांब कागदी पट्टा निघतो. त्याला आम्ही लॉग म्हणायचो. असे सगळ्या विहिरींचे लॉग शेजारीशेजारी मांडून, कुठला थर कुठपर्यंत गेलाय, कुठे संपलाय, पाणी कुठवर चढलंय हे ठरवायचं. आज कॉम्प्युटर करतो. तेव्हा आम्ही पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करायचो, आणि खरं सांगतो, मजा यायची.

माझ्या पेन्सिलीच्या रेघा शाईत उतरवायचं काम कुसुमताईंचं. कुसुमताई मेश्राम, आमच्या ट्रेसर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. आयटीआयमधून शिकलेल्या, नवरा मिलमध्ये, इंदोरा वस्तीतून सायकलवर यायच्या. ट्रेसिंग क्लॉथवर पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग पडतो, म्हणून नागपूरच्या मे महिन्यातही त्यांच्या खोलीत कूलर बंद आणि खिडक्या बंद. मनगटाखाली घडी केलेला रुमाल ठेवून त्या तासन् तास रेघा ओढत. रेघ कधी हलली नाही.

तर मे महिन्यातली दुपार. मी पलीकडच्या टेबलावर होतो. कुसुमताईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, मातीच्या तेलाचा वास येऊन राहिला. चहाचा स्टो चालू राहिला काय?"

मी जाऊन पाहिलं. स्टोव्ह थंड होता. रॉकेलच्या बाटलीचं बूच घट्ट होतं. मला वास आला नाही.

"नाही हो ताई."

"इथंच येऊन राहिला. या कागदापाशी." त्यांनी बोट ठेवलं तो सतरा नंबरच्या विहिरीचा लॉग होता. "मातीच्या तेलावानी हाय, पण जड. डांबर मिसळल्यासारखा."

मी कागद नाकाशी नेला. फक्त अमोनिया. कारण तो मूळ लॉग नव्हताच... मूळ पट्टे सरांच्या कपाटात कुलूपबंद होते. ताईंसमोर होती ती नागपुरातच काढलेली अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर उमटवलेली नक्कल. तिला गुजरातचा वारासुद्धा लागला नव्हता. आणि जमिनीतून निघालेल्या तेलाला अगदी असाच जड वास असतो, हे मला कॉलेजात असताना तेलविहिरींवर नेलेल्या एका सहलीमुळे माहीत होतं. ताईंना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

गंमत म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी सहा विहिरींचे पट्टे घेतले, नंबरांवर कागद चिकटवले, क्रम बदलला आणि त्यांच्यापुढे ठेवले. चौथ्या पट्ट्यावर त्या थांबल्या. तो सतराच होता. रेघांची वळणं ओळखीची झाली असतील, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही असेल.

सतरा नंबर पूर्वेच्या कडेला होती. नुसतं पाणी येतं म्हणून केव्हाच बंद केलेली. त्या बाजूला नवीन विहीर सुचवणं म्हणजे वेडेपणा. तरी मी सरांकडून मूळ लॉग मागून घेतला आणि ताईंनी बोट ठेवलं होतं त्या जागी भिंग लावून बसलो. तेव्हा दिसलं. ज्याला आम्ही सगळे वाळूचा एकच थर धरत होतो, त्याच्या मध्ये चिकणमातीची बारीक पट्टी होती. शेजारच्या दोन विहिरींतही, त्याच जागी. म्हणजे थर एक नव्हता, दोन होते. पाणी खालच्यात चढलं होतं. वरच्याला कुणी हातच लावला नव्हता.

सरांनी अर्धा तास पाहिलं. मग चष्मा काढला.

"ही पट्टी इतक्या लोकांनी पाहिली आणि सोडून दिली. तू बंद विहिरीत काय शोधत होतास?"

"सहज बघत होतो, सर."

"सहज कुणी बंद विहीर बघत नाही." पण पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अहवालात आधीच ठरलेल्या पश्चिमेच्या दोन जागांखाली त्यांनी स्वतःच्या हातानं तिसरी लिहिली, सतराच्या शेजारची. म्हणाले, "चुकलं तर नाव माझं जाईल. या कामानंतर दुसरं मिळणार नाही. तेवढं लक्षात ठेव."

पुढचे सात-आठ महिने मला नीट जेवण गेलं नाही, हे बायको सांगू शकणार नाही, कारण ती तेव्हा नव्हती. आई सांगायची.

थंडीत पत्र आलं. पश्चिमेच्या दोन्ही विहिरींत लवकरच पाणी आलं होतं. तिसरी स्वच्छ तेल देत होती. सरांनी ऑफिसात संत्रा बर्फी आणली आणि सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. कुसुमताई तिथेच उभ्या होत्या. मी गप्प राहिलो. सरांसमोर वासाची गोष्ट सांगायची मला लाज वाटली. त्याही काही बोलल्या नाहीत. पुढे मला बाहेर नोकरी लागली, सर गेले, ऑफिस बंद झालं.

ते गप्प राहणं मात्र मनातून गेलं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी पत्ता काढत काढत मी इंदोऱ्याला गेलो. ताई दारातच बसल्या होत्या. डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, पण त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. चहा झाला. त्या खोलीचं, सरांच्या खोकल्याचं, बंद खिडक्यांचं बोलणं झालं. मग मी म्हणालो, "ताई, माफी मागायला आलोय. ती सतरा नंबरची विहीर. वास तुम्हाला आला होता. मी कुणालाच सांगितलं नाही."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मले? मले काहून येईन गा भाऊ? वास तर तुम्हाले आला होता."

मला वाटलं, वय झालं. पण त्या सांगत गेल्या. "तुम्ही म्हणले, ताई, स्टो चालू राहिला काय पाहा. मी पाहून आली, थंडा होता. मग रोजचंच. नंबरावर कागद चिकटवून तुम्ही एकेक पट्टा नाकापाशी नेऊन राहिले होते. मी समोरच तर होती. मले तं निसता अमोनियाच आला." मग आत हाक मारली, "सुनंदा, हे पाहा वं, मी सांगत होती ना, कागदावरून तेल हुंगणारे साहेब? ते हेच."

त्यांची मुलगी बाहेर आली. पन्नाशीची असेल. हसून म्हणाली, "लहानपणापासून ऐकून राहिली मी तुमची गोष्ट."

मीही घरी तितकीच वर्षं ताईंची गोष्ट सांगत आलो होतो.

आम्ही दोघांनी पुष्कळ आठवून पाहिलं. वाद नाही घातला. त्यांना माझा चेहरा आठवतो, मला त्यांचा. तिसरा माणूस पाठकसर, ते नाहीत. मी निघालो तेव्हा ताई गेटपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. तुम्हाले सच्चीच नव्हता आला?"

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मलेही नाही."

चिकणमातीची पट्टी खरी आहे, तेल खरं आहे, ते मी कुणालाही कागदावर दाखवू शकतो. तिथे बघायला कुणी सांगितलं, हे मात्र मला आजही माहीत नाही.