पाचशे चाळीस अंश

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये राहत होतो. मी सातवीत होते. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून मला गणित येतंच असं शाळेत सगळे धरून चालायचे. मीही तसं चालू द्यायचे.

एकदा गणिताच्या बाईंनी पाच पंचकोन काढून आणायला सांगितले. वेडेवाकडे चालतील, पण प्रत्येकाचे पाचही कोन मोजून बेरीज लिहायची. बेरीज पाचशे चाळीस अंश यायला हवी, हेही त्यांनी आधीच सांगितलं होतं. घरी मी कोनमापक ठेवून पाहिला, तर एका ओळीत सत्तर दिसे आणि दुसरीत एकशे दहा. कुठला आकडा घ्यायचा ते कळेना, आणि वडिलांना विचारायला कमीपणा वाटला. मग मी चार कोन अंदाजाने लिहिले आणि पाचवा वजाबाकी करून काढला. दहा मिनिटांत गृहपाठ संपला.

माझ्या बाकावरची मैत्रीण तिथल्याच जुन्या मराठी घरातली. तिच्या बोलण्यात कन्नड सहज मिसळलेलं असे. तिने रविवारभर बसून कोन खरोखर मोजले होते. तिच्या बेरजा आल्या पाचशे अडतीस, पाचशे एकेचाळीस, पाचशे सदतीस. बाईंनी आमच्या दोघींच्या वह्या वर्गाला दाखवल्या. माझी वही दाखवून म्हणाल्या, मोजणं असं असतं. तिला मात्र सगळं पुन्हा करून आणायला सांगितलं. मी मान खाली घातली. बाईंना तो विनय वाटला असावा.

मधल्या सुट्टीत तिने डबा उघडलाच नाही. माझी वही मागून घेतली आणि माझ्या पंचकोनावर कोनमापक ठेवून वाकून पाहू लागली. मी एकशे दहा लिहिलं होतं तिथे तिला एकशे दोन दिसत होते.

"स्वल्प वेगळं येतंय गं," ती म्हणाली. "मला मोजताच येत नाही वाटतं. दाखवतेस?"

आसपास कोणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं.

"तुझा हात हलतोय," मी म्हणाले. "घट्ट धर."

"सरी, बरं," म्हणत तिने कोनमापक इतका घट्ट दाबला की बोटांची नखं पांढरी पडली.

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. छापील आकृत्यांचे कोन मोजायचे होते. त्याच तासाला गुण कळले: तिला दहापैकी नऊ मिळाले, मला तीन. बाई आश्चर्याने माझ्याकडे पाहत होत्या. चाचणी टळावी म्हणून त्या दिवशी सकाळी मी डोकं दुखतंय असं मैत्रिणीला सांगितलं होतं. तिने उभं राहून तेच बाईंना सांगितलं, अगदी काळजीने.

त्या संध्याकाळी मी वडिलांना विचारलं. कोनाची एक बाजू शून्यावर ठेवायची आणि त्याच शून्यापासून मोजत जायचं, एवढंच होतं ते. ते न रागावता दोनदा समजावून पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले.

तिला खरं सांगायचं मी बरेच दिवस ठरवत राहिले. वार्षिक परीक्षेनंतर वडिलांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. निघताना तिने तिचा पत्ता लिहून दिला होता. मी पत्र पाठवलं नाही.